सील न फोडलेला खोका

विजयसिंहच्या कपाटातला तो व्हिडिओ गेम बाजारात सपशेल आपटलेला. कुणी घेतलाच नाही, म्हणून कंपनीनं तो बनवणं बंद केलं. आणि आता जुन्या गेमांचे शौकीन त्याच्यासाठीच जीव टाकतात. अट एकच, खोक्याचं सील शाबूत पाहिजे.

आज गिऱ्हाईक जयसिंगपूरहून निघालं होतं. विजयसिंहनं खोका काढून टेबलावर ठेवला.

लहानपणी तो चोरून खेळला की त्याची आई, आक्का, टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून चोरी पकडायची. त्याच सवयीनं तिनं खोक्यावर हात ठेवला.

"विजू, किती येळ खेळत हुतास? केवढा तापलाय."

"आक्का, त्यो अजून उघडलाच न्हाय."

त्यानंही हात लावला. पुठ्ठा गरम होता. ऊन म्हणावं, तर खिडकी बंद. सील चारी बाजूंनी निरखलं. कुठं सुरकुतीसुद्धा नव्हती. उघडून बघावं, तर माल मातीमोल. त्याला काही सुधरेना. बाहेर गाडी थांबली.

"बास की आता," आक्का पूर्वीसारखीच दटावत म्हणाली, "पावणं आलं. बंद कर ते."

खोक्यात खट् असा आवाज झाला. विजयसिंहच्या तळव्याखाली पुठ्ठा हळूहळू गार होऊ लागला.