गोडाचा घास

ज्ञानूनं पिशवीतून टॉवेल काढला, त्यावर टोपी ठेवली आणि जिलेबीचा पुडा सोडला. हंबीरराव खुर्चीत बसून होते. त्यांनी टोपीकडं पाहिलं, पुड्याकडं पाहिलं आणि मग पंख्याकडं.

"दाजी, ही तिसरी खेप हाय माझी," ज्ञानू म्हणाला. "पयल्यांदा तुमचं पोट दुखत हुतं. दुसऱ्यांदा झोपंचं सोंग केलासा. आज काय करणार, ते आदीच सांगा."

"ठेव तिथं. खातो मागनं."

"मागनं खाऊन चालतंय व्हय? माझ्या हातानं खायाला पायजे."

ते खरंच होतं. बायको गेली की सासरवाडीच्या माणसानं यायचं, नवं कापड द्यायचं, आपल्या हातानं गोडाचा घास भरवायचा. मग दुखवटा संपला. तोवर घरात गोड शिजत नाही, घरचं कुणी खात नाही. ज्ञानू हंबीररावांच्या गेलेल्या बायकोचा धाकटा भाऊ. कागलहून एस.टी.नं आला होता.

"चहा घेणार?" हंबीररावांनी विचारलं.

"चहा न्हाय घेणार. तोंड उघडा."

हंबीररावांनी तोंड उघडलं नाही. रागानं नाही, हट्टानंही नाही. नुसतंच उघडलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. इंग्लंडातून लेकीचा होता. शिवांजली फोनवर नेहमी ओरडूनच बोलायची. समोर बसलेल्या ज्ञानूलाही सगळं ऐकू येत होतं.

"आबा, गोडी शेव घावली!"

"कसली?"

"गोडी शेव ओ! आपल्या जत्रंतली, गुळाच्या पाकातली. आई मूठभर दिऊन पुरं म्हणायची, ती. आल्यापास्नं हुडकायचं चाललंय. हितं एका पंजाब्याच्या दुकानात हाय. पिशवीवर नाव भलतंच लिवलंय, पण फोडून वास घेतला. तीच."

"बरं झालं. खाल्लीस?"

पलीकडं नुसती पिशवी चुरचुरली.

"शिवू?"

"समोर घिऊन बसलीया कवापास्नं. पण माझं तोंड कुटं गोड झालंय, आबा? मला येताच आलं न्हाय."

आई गेली तेव्हा शिवांजलीचा पासपोर्ट तिथल्या सरकारी कचेरीत अडकला होता. तिच्याशिवायच सगळं उरकलं होतं.

"मग आता?" हंबीरराव म्हणाले.

"तुमचं झालं न्हवं? मामानं केलं न्हवं गोड?"

"झालं."

"कसलं झालंय!" ज्ञानू उठून रिसिव्हरजवळ तोंड नेऊन ओरडला. "खोटं बोलत्यात तुझं आबा. तोंडच उघडंनात. जिलेबीचं पार चामडं झालं हितं."

"मामा? तुमी हायसा व्हय तितं?"

"हाय की. हात फुडं करून बसलोय, देवळाम्होरल्या भिकाऱ्यागत."

ती हसली नाही. पलीकडून पिशवी गुंडाळल्याचा आवाज आला.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ठेवती कपाटात. तुमचं झाल्याबिगर माझं कसं हुईल?"

आता ती ओरडत नव्हती. रागावलीही नव्हती. आवाज नुसता सपाट होता. तो आवाज हंबीररावांना ओळखीचा वाटला. बायको गेल्यापासून ते स्वतः असेच बोलत होते, दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी, सगळ्यांशी. तो लेकीच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

"थांब," ते म्हणाले. "ठेवू नको."

त्यांनी ज्ञानूकडं तोंड फिरवलं आणि उघडलं.

ज्ञानूनं जिलेबी मोडली. त्यांच्या तोंडात घास भरवला.

जिलेबी होती. गोड होती. त्यापुढं हंबीररावांना काही कळलं नाही. ते चावत राहिले.

"खाल्लं गं, माझ्या हातानं," ज्ञानूनं फोनात सांगितलं. "आता खा तू."

"मामा, मला बी भरवा की."

"फोनातनं?"

"भरवा."

ज्ञानूनं हंबीररावांकडं पाहिलं. हंबीररावांनी कानाचा रिसिव्हर काढला आणि त्याच्यापुढं धरला. ज्ञानूनं आणखी एक तुकडा मोडला आणि रिसिव्हरच्या भोकांपाशी नेला.

"आ कर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मोठा कर की. असा काय करतीस, नव्या सुनंसारखा."

पलीकडं कुडुम झालं. मग चावल्याचा आवाज. दोघं माना वाकवून तो ऐकत राहिले. पाकाचा एक थेंब रिसिव्हरवरून ओघळून हंबीररावांच्या बोटावर आला. त्यांनी तो पुसला नाही.

"तीच हाय," ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं. "आबा, आणि थोडी घिऊ?"

ज्ञानूनं हातातला तुकडा परत पुड्यात ठेवला.

"घे की," हंबीरराव म्हणाले. "आता पुरं म्हणणारं कोण ऱ्हायलंय."