यादीतला पहिला विषय

"बाई, इथं सही कर. लवकर," खुशालराव म्हणाले आणि त्यांनी कागद थोरल्या बहिणीपुढं सरकवला. सहीची जागा बोटानं दाबून धरली होती.

अमरावतीच्या मंगल कार्यालयातली ती वधूपक्षाची खोली. बाहेर हॉलमध्ये चारशे बाया जमल्या होत्या. सोमवारी नागपूरला अधिवेशन सुरू व्हायचं होतं, आणि त्याआधी आमदार खुशालराव आपले सात विषय लोकांपुढं मांडणार होते. पहिला विषय फ्लेक्सवर हातभर अक्षरांत होता : लेकीचा वाटा. बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही बहिणीकडून घ्यायची असेल, तर आधी कागद तिला वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, विचाराला सहा महिने द्यायचे. नाहीतर सही रद्द. असं विधेयक ते सभागृहात आणणार होते.

फोनवर हे ऐकलं तेव्हा जमुनाबाईंना रडू आलं होतं. सत्तरी उलटली तरी त्या वरूडला संत्री निवडायला रोजानं जात. आजचा रोज बुडवून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. इतक्या वर्षांनी भावाच्या मनाला टोचलं असेल, असंच त्यांनी धरलं होतं.

कारण त्या काहीच विसरल्या नव्हत्या. बाप गेल्यानंतरची पहिली भाऊबीज. ओवाळणीच्या ताटात जांभळी साडी आणि साडीखाली कागद. "काई नाई बाई, तलाठ्याले लागते," खुशाल म्हणाला होता. कुंकवाच्या बोटांनीच त्यांनी सही केली. तेल्हाऱ्याची चार एकर काळी जमीन गेली. कळलं ते दोन वर्षांनी, नवरा आजारी पडला आणि त्या आपल्या वाट्याचा कापूस मागायला गेल्या तेव्हा. त्या दिवशी भावजयीनं चहासुद्धा अर्धाच कप दिला होता.

"मंग मागच्या सह्यांचं काय?" जमुनाबाईंनी विचारलं.

"कायदा पुढचा असते बाई, मागचा नसते. कर सही."

"बोट काढ. वाचू दे."

"मायावर भरोसा नाई का तुहा?"

"वाचल्याबिगर सही नाई, हे तूच सांगून राहिला ना जगाले?"

"अवं, तो कायदा पास कुठं झाला अजून!"

चौथीपर्यंत शिकलेल्या जमुनाबाईंनी चष्मा लावला. 'माझे बंधू आमदार खुशालराव यांनी वडिलोपार्जित जमिनीतील माझा चार एकरांचा वाटा मला स्वखुशीने परत दिला आहे. मला त्यांचा अभिमान वाटतो.'

त्यांची कानशिलं तापली.

"कवा देल्ला रे?"

खुशालरावांनी उठून दार लोटलं. "हळू बोल. पत्रकार विचारून राहिले, तुमच्या बहिणीले देल्ला का वाटा म्हणून. कागदापुरतं हाये. अधिवेशन होऊ दे, मंग पाहू आपण. तू माइकवर दोन शब्द बोल, बस. वापस जायले गाडी करून देतो तुले."

तेव्हा साडी, आता गाडी. कागद टराटरा फाडावा आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर फेकावा, असं जमुनाबाईंना वाटलं. बोटं वळलीसुद्धा. तेवढ्यात बाहेर स्वीय सहायक कुलदीपनं त्यांचं नाव पुकारलं. बाया टाळ्या वाजवू लागल्या. जमुनाबाईंनी कागदाची घडी केली.

"सही मागून. आधी बोलून घेते," त्या म्हणाल्या.

माइकसमोर त्यांनी कागद उलगडला आणि जोडाक्षरांशी अडखळत, एकेक शब्द सुटा करून वाचला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मागच्या बाया उठून उभ्या राहिल्या. कितीतरी जणींनी डोळ्यांना पदर लावला. सगळे कॅमेरे खुशालरावांकडं वळले.

"साहेब, हे खरं आहे?" पुढच्या रांगेतून एका पत्रकारानं विचारलं.

"माझी सख्खी बहीणच सांगते आहे," खुशालराव म्हणाले आणि हात जोडून हॉलभर हसले.

टाळ्या थांबल्या. जमुनाबाई माइकपासून हलल्या नाहीत. त्या भावाकडं वळल्या.

"खुशाल, आज बुधवार हाये. सोमवारी तुहं अधिवेशन. तेल्हाऱ्याले जाऊन माया नावाची रजिस्ट्री उद्या करतो का परवा?"

खुशालरावांचे हात जोडलेलेच राहिले. जमुनाबाईंनी समोर पाहिलं.

"साक्षीले कोन कोन येते, बायांनो?"

चारशे हात वर झाले.