एका घराची वस्ती

"काकू, एका घराला वस्ती म्हणत नाहीत," सरपंच म्हणाले आणि ग्रामसभा हसली. टेकडीवर एकट्या राहणाऱ्या हौसाकाकूंच्या रस्त्याची मागणी यंदाही मागे पडली.

पुढचा विषय बिबट्याचा होता. त्याचे ठसे रोज काकूंच्याच झाडलेल्या अंगणात उमटत, म्हणून पिंजरा तिथेच लावायचे ठरले.

"पण पिंजऱ्याची गाडी वर चढणार कशी?" वनरक्षकाने विचारले.

"घ्या! म्हणजे बिबट्याला रस्ता मंजूर!" मागून कुणीतरी ओरडले.

आठवड्याभरात खड्डे बुजले, पिंजरा वर आला आणि बिबट्याला घेऊन खाली गेला.

आता गुळगुळीत रस्ता थेट दारापाशी येऊन थांबला आहे. हौसाकाकू पहाटे खराटा घेऊन अंगणात उतरतात, वाकून माती न्याहाळतात. कालच्या खराट्याच्या रेघा तशाच असतात.