फोनवाल्या बाईचे शब्द

"आजोबा, आता मी पाच शब्द सांगणार आहे. नीट ऐका आणि मग म्हणून दाखवा," तपासणारी मुलगी म्हणाली. तिने पहिला शब्द उच्चारायच्या आत म्हाताऱ्याने सुरुवात केली.

"आरसा. पायरी. लिंबू. घंटा. चादर."

प्रत्येक शब्दानंतर अगदी सारखाच थांबा. मुलगी चकित झाली. भिंतीशी बसलेली ताई झाली नाही. तो थांबा तिचाच होता.

ताई म्हणजे या म्हाताऱ्याची मुलगी, आणि वृद्धांच्या विस्मरणावर पाच संस्था मिळून जो अभ्यास करत होत्या त्याची समन्वयक. पाची बोटं सारखी नसतात म्हणतात, पण या पाच संस्थांची मूठ वळून घेता घेता तिच्या नाकी नऊ आले होते. एका ठिकाणी शब्द भराभर सांगायचे, दुसऱ्या ठिकाणी गात गात. शेवटी तिनेच नियम घातले. पाचही ठिकाणी हेच पाच शब्द, प्रत्येकानंतर मोजून सारखाच थांबा. ज्याने ते आधी ऐकले असतील तो बाद. मध्ये हसायचं नाही, शाबास म्हणायचं नाही. तपासणारे सगळे मोकळे व्हायचे ते संध्याकाळी, म्हणून महिनोन्‌महिने ती घरूनच एकेकाला फोन लावून शब्दांची तालीम करून घेत होती. वडील बाजूच्या पलंगावर भिंतीकडे बघत पडलेले असत. आपण जेवलो की नाही हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्या डोक्यात काही शिरत असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"कोणी शिकवलं हे तुम्हाला?" मुलीने विचारलं.

"ती फोनवाली बाई. रोज संध्याकाळी येते. माझ्याशी नाही बोलत, पण शब्द मोठ्याने म्हणते."

"आणि तुमची मुलगी?"

"ती कामावर असते." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "फार कामाची पोर आहे हो. घरी यायला फुरसतच मिळत नाही तिला."

मुलीने एकवार ताईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अभ्यासात घेतलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं. तिथे आता एकच जागा उरली होती. दिवसा वडिलांकडे बघणाऱ्या शेजारच्या काकूंनी हात टेकले होते, तेव्हापासून ताई सकाळी निघताना दाराला बाहेरून कडी घालत होती. या एका जागेवर तिचा सगळा जीव अडकला होता.

"ताई," मुलगी हळूच म्हणाली, "दुसरे शब्द नाहीत का आपल्याकडे?"

"नाहीत. मीच ठेवू दिले नाहीत."

"मग मी काही ऐकलं नाही. आजोबांना एकही शब्द आठवला नाही, असं लिहिते. त्यांना गरज आहे हे काय मला दिसत नाही?"

ताईला हो म्हणायचं होतं. हो तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण गेल्याच महिन्यात एका संस्थेतल्या माणसाने आपल्या आजारी सासूसाठी हेच केलं होतं, तेव्हा फोनवर त्याची बिनपाण्याने करणारी तीच होती. वडील पलंगावरून तेही ऐकत असतील.

"बाद लिही," ती म्हणाली.

बाहेर बाकावर तिने वडिलांना स्वेटर घातला. गुंड्या लावता लावता हात थांबले आणि तिला रडू कोसळलं. येणारेजाणारे बघत होते, तरी तिला आवरेना. जागा गेली त्याचं होतंच. पण इतक्या संध्याकाळी ती या माणसाच्या उशाशी बसली होती आणि त्याच्यापर्यंत तिचं पोचलं होतं ते एवढंच.

म्हातारा घाबरला. मग त्याला वाटलं, ही बाई का रडतेय ते आपल्याला कळलं.

"आत तुम्हालाही विचारलं का? नाही आलं?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"अहो, रडताय काय त्यासाठी! सोपं असतं ते. म्हणा माझ्यामागे." त्याने तिचा हात हातात घेतला. "आरसा."

मग तो थांबला, बरोबर तेवढाच.

"आरसा," ती म्हणाली.

"शाबास," म्हातारा म्हणाला, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.