पोटात लागलेला बाण

बाण पोटात लागला. हरणाने उडी मारली, ते कुंपणाच्या दाट झुडपात शिरलं आणि तिथेच बसलं.

"लागला!" प्रकाश म्हणाला. दोन वर्षं तो तिरंदाजीच्या क्लबात गवताच्या गठ्ठ्यांवर नेम धरत होता. ऑगस्ट लागला, मागच्या कुरणात हरणं उतरू लागली, आणि आज पहाटेच तो धनुष्य घेऊन शेडच्या आडोशाला बसला होता.

त्याची बायको केतकी मागच्या दारात उभी होती. नावन गावातल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत डॉक्टर म्हणून तिने अशा जखमा पुष्कळ पाहिल्या होत्या.

"पोटात लागलाय. सहा-आठ तास जाणार त्याचे. दुसरा मार ना."

प्रकाश झुडपापर्यंत गेला आणि तसाच परत आला.

"ते माझ्याकडे बघतंय."

झुडपातून घोगरा, लांबलेला आवाज आला. केतकीने मोबाइल काढला.

"मी डेक्लनला बोलावते. त्याच्याकडे रायफल आहे, लायसन्स आहे. एका गोळीत सुटेल बिचारं."

"वेड लागलंय का? या देशात बाणाने शिकार करणं गुन्हा आहे! सिटिझनशिपचा अर्ज दिलेला आहे आपला. माझा एकट्याचा नाही, तुझाही."

केतकीने मोबाइल परत खिशात ठेवला.

नऊच्या सुमारास डेक्लनच फाटकाशी आला. शेजारचं शेत त्याचं. धनुष्य तोवर शेडमध्ये गेलं होतं.

"कुत्री सकाळपासून तुमच्या कुंपणाकडे तोंड करून भुंकतेय," तो म्हणाला. "काही जखमी पडलंय का तिकडे?"

"कोल्हा असेल," प्रकाश म्हणाला.

डेक्लनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची आई अंगणात कोसळली, तेव्हा अँब्युलन्स येईपर्यंत केतकी एकटीच तिची छाती दाबत राहिली होती. तो केतकीकडे वळला.

"डॉक्टर, तुम्ही सांगा. बघून येऊ का?"

झुडूप त्या क्षणी अगदी गप्प होतं.

"नको, नको," केतकी हसून म्हणाली. "ऑल ग्रँड, डेक्लन. सगळं ठीक आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं." त्याने कुत्रीला शीळ घातली आणि तो निघून गेला.

तो वळणाआड गेला न गेला तोच आवाज पुन्हा सुरू झाला. प्रकाश "थँक्स" म्हणाला. केतकीने आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली, मग वर जाऊन बेडरूमची. पोळ्या लाटल्या. वॉशिंग मशीन लावलं.

एकच्या सुमारास आवाज थांबला. केतकी कुंपणापाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि तिने हरणाच्या उघड्या डोळ्याला हलकेच बोट लावलं.

पापणी लवली.

ती उठली. अंगणातल्या नळाखाली तिने सावकाश हात धुतले.

"अजून नाही," ती प्रकाशला म्हणाली. "तू जेवून घे."