मावळतीकडं पाठ

"आवं, एक डबा जादा कुणाला दिला?" कस्तुरीनं यादीवरचं बोट न उचलता विचारलं.

मिरजेच्या एका दवाखान्याच्या आवारात टेम्पो उभा होता. गावातल्या बायकांचा गट पेशंटच्या नातेवाइकांसाठी रोज तीस डबे पाठवायचा. आजची पाळी कस्तुरीची, आणि टेम्पोवर तिचा नवरा, तवनाप्पा.

"कडेगावच्या त्या पाव्हण्याला. भाऊ येतोय म्हणाला, दिला. गटाचंच तर हाय!"

"गटाचं हाय म्हणून तर इचारायचं असतं."

तवनाप्पा हसला. घरात शेंगांच्या चटणीची बरणी स्वतःच्या हातानं बंद करणारा हा माणूस, गटाच्या डब्यांपाशी आला की कर्णच व्हायचा.

यादीत शेवटचं नाव वडूजच्या हरिबांचं. बायकोचं सकाळी ऑपरेशन झालेलं. म्हातारा चिठ्ठी धरून टेम्पोपाशी उभा होता. मागं एकही डबा उरला नव्हता. पुढच्या सीटवर दोन होते, ते या दोघांचे.

"काका, उद्या दोन घ्या की!" तवनाप्पा मोठ्या मनानं म्हणाला.

हरिबांनी मान डोलावली, चिठ्ठीची घडी घातली. कस्तुरीनं सीटवरचा आपला डबा उचलून त्यांच्या हातात दिला.

"आन् तुमी, ताई?"

"आमी जैन, काका. दिवस मावळल्यावर जेवत न्हाई."

खरंच होतं. फक्त दिवस अजून मावळला नव्हता. समोरच्या पाण्याच्या टाकीला टेकला होता.

हरिबा गेले. तवनाप्पानं आपला डबा उघडला, झाकण लावलं, परत उघडलं. तीन भाकरी होत्या.

"आता सकाळपातूर उपाशी बसणार व्हय?"

"सवय हाय. तुमी खावा बिगीनं, दिवस चाललाय."

"डबा माझा हाय. कुणाला द्यायचा ते मी बघतो."

त्यानं तिला कट्ट्यावर बसवलं, पाठ मावळतीकडं करून. दोन भाकरी आणि सगळी चटणी तिच्यापुढं सरकवली. स्वतः समोर बसला.

"घाई करू नगं. ठसका लागंल."

दुसरी भाकरी निम्मी झाली आणि आवारातले दिवे लागले. कस्तुरीचा हात थांबला.

"दिवस हाय न्हवं अजून?"

तवनाप्पानं तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं.

"हाय की. चांगला कासराभर वर हाय."

त्याच्या वाटणीची भाकरी झाकणात तशीच होती, न मोडलेली. कस्तुरीनं ती पाहिली. मागं वळून मात्र पाहिलं नाही. पुढचा घास मोडला.