सैल गाठ

पार्सलची सुतळी सुटायच्या आधीच धाकटीने ओळखलं, आपलीच टोपली. इतक्या घट्ट, इतक्या सारख्या घड्या घालून कागद गुंडाळणारी बाई तिला एकच माहीत होती.

"आली का गं माहेरपणाला?" रंगाच्या कढईपासून रंगवाली ओरडली. "या टोपलीला सासर काही मानवत नाही बाई!"

शेडमधल्या सगळ्या विणणाऱ्या हसल्या. धाकटीही हसली आणि टोपली उचलून खिडकीपाशी गेली.

टोपली लव्हाळ्याची. काठाला कांद्याच्या सालींनी रंगवलेली पट्टी. ना डिंक, ना रोगण, ना तार. आयुष्य संपलं की गुमान मातीत मिसळावी अशी. शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली असे. वर विणणारीचं नाव आणि खाली, 'तुटली तर फेकू नका, परत पाठवा. जन्मभर दुरुस्त करून देऊ.' दुरुस्तीचं काम धाकटीकडे होतं.

ही टोपली तिने पोटुशी असताना विणली होती. बाळ तिच्यात निजवूनच तिने थोरल्या बहिणीच्या हाती दिलं. थोरलीला मूल नव्हतं, आणि धाकटीला तेव्हा ना नवरा उरला होता, ना छप्पर. विणायला दोघी आईजवळच शिकलेल्या. थोरली डावखुरी. तिच्या गाठीला उलटा पीळ पडे आणि आई उसवायला लावी. ती कंटाळून सुटली, धाकटी विणत राहिली.

बाळ घेताना थोरलीने एकच अट घातली. "मावशी म्हणूनसुद्धा यायचं नाहीस. दोन आया झाल्या की पोर अर्धी-अर्धी होते."

धाकटीने मान डोलावली होती. तेव्हा वाटलं होतं, जमेल.

पहिल्यांदा टोपली आली ती खरोखरच तुटून. काठावर इवल्या इवल्या दातांच्या खुणा होत्या. त्यांवरून बोट फिरवत धाकटी कितीतरी वेळ बसून राहिली. मग तिने नवा काठ बांधला, आणि शेवटची गाठ मारताना तिचा हात थांबला. पक्की मारली तर टोपली पुन्हा येईल कशाला? तिने पीळ नुसताच फिरवला आणि टोक आत खुपसून दिलं. वरून बघणाऱ्याला कळू नये, पण चार दिवस वापरली की सुटावी, अशी गाठ.

तेव्हापासून टोपली येतच राहिली. दर खेपेला तळाशी काहीतरी राहून गेलेलं असे. कधी बिस्किटाचा चुरा, कधी मेणखडूचा तुकडा, एकदा तर एकच चिमुकला मोजा. थोरली म्हणजे धुतलेलं पातेलंसुद्धा दोनदा झटकून ठेवणारी. पण पोरामागे धावताना भल्याभल्यांची टापटीप जाते, असं धाकटी मनाशी म्हणे, आणि मोजा हुंगत राही.

काठाकडे मात्र ती बघतही नसे. चोराच्या मनात चांदणं. सैल गाठीवर कुणाची नजर पडायच्या आत तिथला सगळा काठ कापायचा, खताच्या ढिगात टाकायचा, की जीव भांड्यात पडे.

आजही तिने आधी आत हात घातला. तळाशी निळी फीत होती, चांगली लांब. म्हणजे वेणी येत असणार आता. केस सरळ असतील, की माझ्यासारखे कुरळे? कोण विंचरत असेल? ओढत तर नसेल?

फीत मुठीत धरून तिने कात्री उचलली.

"थांब." शेडचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई चष्मा कपाळावरून खाली ओढत समोर येऊन बसल्या. "आज काठ कापायचा नाही. मला बघायचाय."

"तुम्ही कशाला बाई? मी करते ना पटकन."

"पटकन करतेस म्हणूनच. बाकीच्या टोपल्या वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाहीत, हीच तेवढी सारखी दारात. लव्हाळा कच्चा निघाला असेल तर ही जाईल मातीत आणि त्यांना नवी पाठवू. आणि खोट हातात असेल..." बाईंनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "तर दुरुस्ती दुसरीकडे देईन. लोक आपल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतात गं. नाव तुझं आहे तिच्यावर."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. कसंही झालं तरी ही टोपली पुन्हा आपल्या हाती यायची नाही.

"घरात पोर आहे ना बाई. पोरं ओढतात, ताणतात."

"तुला गं काय माहीत, पोर आहे ते?"

धाकटीची मूठ आवळली. "मोजा निघाला होता मागे. एवढासा."

बाईंनी टोपली उजेडात धरली. नखाने काठ चाचपत त्या एकेक वेढा सरकवू लागल्या. रंगवाली पिवळे हात पुसत मागे येऊन उभी राहिली. धाकटीला वाटलं, कुणी पकडण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं. निदान टोपली तरी वाचेल.

"बाई, चूक माझीच..."

"कसली चूक? लव्हाळा खणखणीत आहे," बाई म्हणाल्या. "गाठही पक्की."

"गाठ?"

"ही काय. चांगली दुहेरी, आवळून मारलेली. तुटलंय ते तिच्या शेजारी. आणि तुटलंय कसलं, कापलंय. सरळ, कात्रीने." बाईंनी टोपली तिच्यापुढे सरकवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मला एवढंच सांग, गाठीचा पीळ उलटा आहे. तू डावखुरी कधीपासून झालीस?"